शिल्लक ६१ टक्के

डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री मी फोनला कानटोपी चढवत होतो. बायको दारात येऊन उभी राहिली आणि काही वेळ नुसती बघत राहिली.

“अहो, सर्दी झालीय का त्याला?”

“थंडीत लिथियमच्या बॅटरीची ताकद कमी पडते,” मी म्हणालो. “तिच्या पोटातली रासायनिक क्रिया मंदावते.”

“बाहेर सोळा डिग्री आहे.”

“गडावर कमी असणार.”

“मग स्वेटरही द्या की त्याला. तुमचाच द्या. तुमच्या पोटातल्या क्रियेचं काय, ती बारा महिने मंदच असते.”

टोपी आमच्या मुलीच्या पहिल्या वर्षातली. लाल, वर पांढरा गोंडा. फोन तिच्यात माप घेऊन विणल्यासारखा बसला. मी गोंडा सरळ केला, शंभर टक्के भरल्याची शेवटची खात्री करून घेतली आणि झोपलो. रात्री दोनदा उठून पाहिलं. शंभरचे नव्व्याण्णव झाले होते. एक टक्का कुठे गेला, या विचारात पुढची झोप गेली.

काटकसर आमच्या घराण्यातच आहे. वडील कात्रजच्या उतारावर स्कूटरचं इंजिन बंद करायचे. बोगदा संपला की खटकन बंद, आणि मग पायथ्यापर्यंत फुकट. मागे आई जीव मुठीत धरून, पुढे मी उभा, आणि मधे वडील वाऱ्यावर तृप्त. वाचलेल्या पेट्रोलचा हिशेब ते वहीत लिहीत. ब्रेकचे लायनर मात्र सारखे बदलावे लागत. तो खर्च वहीच्या वेगळ्या पानावर असे.

माझ्या वाट्याला घाट आला नाही, टक्के आले. फोनच्या कोपऱ्यातल्या त्या आकड्याकडे मी दिवसातून जितक्या वेळा बघतो तितक्या वेळा देवाकडे बघितलं असतं, तर एव्हाना माझ्या नावानं एखादा सप्ताह बसला असता. फोनचा उजेड मी इतका कमी ठेवतो की रात्री लाइट गेले तर त्याला शोधायला काडी पेटवावी लागते. सहा महिने मी फोनमधली प्रत्येक गोष्ट काळी करून ठेवली होती. पार्श्वभूमी काळी, मेसेज काळे, कॅलेंडर काळं. काळ्या पडद्याला वीज कमी लागते, असं ऐकलं होतं. मग एकदा भाच्यानं फोन हातात घेतला.

“मामा, ते ओएलईडी पडद्याला. त्यात काळा ठिपका म्हणजे विझलेला दिवा. तुमचा एलसीडी आहे. त्यात मागचा दिवा सतत जळतच असतो, पुढे काळं असो की पांढरं.”

म्हणजे सहा महिने मी नुसतं सुतक पाळत होतो.

याच भाच्यानं मला नकाशाच्या नादाला लावलं. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे. २००४ साली स्टीव्ह कोस्ट नावाच्या एका इंग्रजानं तो सुरू केला. जगातल्या कुणीही उठावं आणि आपल्या गल्लीतली पायवाट, पाणपोई, पार त्यात मांडावा, असा सगळा मोकळा कारभार. त्यात भर घालायला स्ट्रीटकम्प्लीट नावाचं एक ॲप आहे. आपण जिथे असू तिथले साधेसाधे प्रश्न ते विचारतं. हा रस्ता डांबरी की मातीचा? हे दुकान किती वाजता उघडतं? या बाकाला पाठ टेकायची सोय आहे का? पन्नाशी उलटल्यावर कुणीतरी मला उत्तर येईल असे प्रश्न विचारत होतं. मी भारावून गेलो. एका संध्याकाळी बागेतल्या एकवीस बाकांवर बसून उठलो. बाविसाव्या बाकापाशी रखवालदार येऊन म्हणाला, “काका, कुणाला शोधताय का?”

बागेतून आम्ही एकदम राजगडावर उडी घेतली. गडावरची पाण्याची टाकी नकाशावर मांडायची, कोणतं पाणी पिण्यासारखं, कोणतं नाही, आणि मधल्या वाटा चालत चालत नोंदवायच्या, असा बेत. आम्ही तिघं. भाचा, मी, आणि आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते. त्यांना सगळे साहेब म्हणतात, घरचेसुद्धा. साहेबांनी येताना वीस हजार एमएएचची पॉवरबँक आणली होती. वजन जवळजवळ अर्धा किलो. वर एक डायरी, दोन शिसपेन्सिली आणि टोकयंत्र.

“साहेब, डायरी कशाला?” मी हसून विचारलं.

“सवय,” ते म्हणाले.

मी भाच्याकडे बघून डोळा मिचकावला. हा डोळा पुढे मला फार महागात पडायचा होता.

गाडीत मी दोघांचंही बौद्धिक घेतलं. फोनची वीज सर्वांत जास्त खातो तो पडदा. त्याखालोखाल रेंज. डोंगरात रेंज नसली की फोन गप्प बसत नाही. जत्रेत पोर हरवलेल्या बाईसारखा तो टॉवरच्या नावानं मोठमोठ्यानं हाका मारत सुटतो आणि दमून मरतो. म्हणून गडाच्या पायथ्यालाच फोन विमान मोडमध्ये टाकायचा.

साहेबांना हे पटेना. “विमान मोडमध्ये टाकल्यावर उपग्रहाला कसं कळणार आपण कुठे आहोत ते?”

“साहेब, उपग्रहाला काहीच कळत नाही,” भाचा म्हणाला. “तो वीस हजार किलोमीटरवरून नुसतं सांगत असतो, मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. चार उपग्रहांचं ऐकून हिशेब आपला फोन करतो. फोन तिकडे काहीच पाठवत नाही.”

“म्हणजे आकाशवाणी,” साहेब म्हणाले. “आपण पत्र नाही पाठवलं तरी ‘आपली आवड’ लागतंच.”

“तसंच.”

“मग वीस हजारांची बँक घेऊन मी कशाला चढतोय?”

“वीस हजार नाहीत ते,” भाचा शांतपणे म्हणाला. “व्होल्टेज वाढवताना, उष्णतेत, असं करत करत फोनपर्यंत साधारण दोन-तृतीयांश पोचतं.”

साहेब अर्धा मिनिट पॉवरबँकेकडे बघत राहिले. “बँक म्हटल्यावर चार्जेस कापणारच,” ते म्हणाले.

गुंजवण्यातून सकाळी सात वाजता चढायला सुरुवात केली. मी वाट नोंदवणारं ॲप सुरू केलं, फोन विमान मोडमध्ये टाकला, बॅटरी बचतीची कळ दाबली, वर ‘अति बचत’ नावाची आणखी एक कळ सापडली, तीही दाबली, आणि फोन टोपीत घालून खिशात ठेवला. पहिल्या विसाव्याला बाहेर काढला. ९७ टक्के! मला घाम फुटला. चढाचा घाम आधीच फुटलेला होता, हा वेगळा. अकरा मिनिटांत हा खर्च, तर संध्याकाळपर्यंत काय होणार? मी तातडीनं मागे चालू असलेली ॲप्स उघडली आणि एकेक करून अंगठ्यानं झटकून टाकली. सगळी. घराबाहेर पडताना गॅस, गीझर, पंखा, नळ असं तपासतो ना, तेवढ्याच भक्तिभावानं. पडदा स्वच्छ झाल्यावर मन कसं हलकं झालं.

तेवढ्यानंही समाधान होईना. म्हणून मी वाटेत फोन चक्क बंदच करून टाकला. टाकं आलं की चालू करायचं, खूण करायची, पुन्हा बंद. पद्मावती तळ्यापाशी पहिल्यांदा चालू केला तेव्हा जागा सापडेना. फोनमधला निळा ठिपका गुंजवण्यातच चहा पीत बसलेला.

“मामा, त्याला वेळ द्या,” भाचा म्हणाला. “एरवी उपग्रहांचं वेळापत्रक तो इंटरनेटवरून ओढतो. तुम्ही ते बंद केलंय. आता थेट उपग्रहाकडून ऐकायचं, तर सेकंदाला फक्त ५० बिट येतात. एका उपग्रहाचा ठावठिकाणा कळायलाच अर्धा मिनिट. सगळ्यांची पूर्ण यादी हवी तर साडेबारा मिनिटं.”

सेकंदाला ५० बिट! एका सरकारी खिडकीपलीकडचे एक गृहस्थ मला आठवले. तेही दोन बोटांनी टंकलेखन करीत आणि यादी पूर्ण होत आली की जेवायची सुट्टी होई. मी हात वर करून, फोन आभाळाकडे धरून उभा राहिलो. पडदा चालू, फोन चालू, शोध चालू. टोपीचा गोंडा वाऱ्यावर डुलत होता.

“दर वेळी असं बंद-चालू करण्यापेक्षा चालूच ठेवला असतात तर कमी लागलं असतं,” भाचा म्हणाला.

आजकालची पोरं उधळी, असं मी मनात म्हटलं.

ऊन चढलं आणि नवीन पेच उभा राहिला. पडद्याचा उजेड मी शून्यावर आणला होता. सुवेळा माचीवरच्या उन्हात त्या पडद्यावर नकाशा दिसेना, माझं तोंड दिसायला लागलं. तेही फारसं बघवत नव्हतं. उजेड वाढवणं शक्यच नव्हतं, तत्त्वाचा प्रश्न होता. मग मी पूर्वीच्या फोटोग्राफरची युक्ती केली. पिशवीतला पंचा डोक्यावरून ओढून घेतला, उकिडवा बसलो आणि आत अंधार करून टाकं शोधू लागलो. आत गरम होत होतं, बोटं घामेजली होती, कुठे टेकतंय ते कळत नव्हतं. पण खुणा होत होत्या. तेवढ्यात पाठीवर पाणी पडलं.

पंचा बाजूला करून पाहिलं तर कॉलेजातली चार-पाच मुलं घोळका करून उभी. एकानं माझ्या मानेवर बाटली रिकामी केली होती, दुसरा साखर-मिठाचं पाणी कालवत होता. “काका, घाबरू नका, चक्कर येते उन्हानं. डोकं खाली ठेवा. घरी फोन लावू का?”

“फोन लावू नकोस!” मी ओरडलो. “विमान मोडमध्ये आहे!”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. “बरळतायत,” एक हळूच म्हणाला.

सुटका करून घेऊन मी साहेबांपाशी आलो. फोन ८४ वर आला होता. मी पॉवरबँक मागितली, फोन जोडला, त्यावर कानटोपी, कानटोपीवर ओला पंचा नको म्हणून कोरडा टॉवेल, आणि सगळं बोचकं पिशवीत थालिपिठांच्या डब्याशेजारी ठेवलं. वीस मिनिटांनी बघतो तर फोनवर पिवळा त्रिकोण. फोन तापला आहे, चार्जिंग थांबवलं आहे. थंडीपासून जपलेली बॅटरी माझ्या मायेनं भाजून निघाली होती. आता तिला गार करणं आलं. मी फोन टाक्याच्या काठावरच्या थंड दगडावर, सावलीत ठेवला आणि त्याला थालिपिठाच्या झाकणानं वारा घातला.

वारा घालता घालता साहेबांनी लॅम्ब्टनची गोष्ट काढली. विल्यम लॅम्ब्टन. १८०२ साली मद्रासजवळ त्यानं हिंदुस्थानच्या मोजणीला सुरुवात केली. कोन मोजायचं त्याचं यंत्र अर्ध्या टनाचं. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. दुसरा कुणी नोकरी सोडून गेला असता. हा तंबूत शिरला आणि कित्येक आठवडे बसून वाकलेली चकती ठोकून ठोकून पुन्हा गोल केली. तसाच मोजत मोजत उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला.

“अर्धा टन,” साहेब पुन्हा म्हणाले आणि माझ्या हातातल्या झाकणाकडे बघत राहिले.

“त्याला चार्जिंग लागत नव्हतं,” मी म्हणालो. लॅम्ब्टनचं कौतुक करताना लोक हे सोयीस्करपणे विसरतात.

पद्मावती माचीवर परत आलो तेव्हा ताक विकणारी मावशी दिसली. डोक्यावरून पदर, पुढ्यात हंडा, शेजारी लिंबू सरबताच्या बाटल्या. मला झाकणानं फोनला वारा घालत येताना बघून तिनं विचारलं, “दादा, बंद पडला व्हय?”

“नाही मावशी, वाचवतोय.”

“कशापायी?”

“पुढे लागला तर असावा.”

“मंग फुडं गेल्याव काय करता?”

“पुढे गेल्यावरही वाचवतो.”

मावशी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या हातातलं ताक हिंदकळलं. मग कमरेची पिशवी सोडून तिनं आपला बटनांचा फोन दाखवला. “ह्यो बघा. आइतवारी लावते, त्यो आइतवारपातूर जातू.” फोनला पडदा म्हणावा तर पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याला कसली टोपी नव्हती की झाकण नव्हतं. पाठीमागे रबर बँड तेवढा होता.

साहेबांनी तिला टाक्यांबद्दल विचारलं आणि मावशी सुरू झाली. हे टाकं बारमाही, ते होळीला आटतं. त्या अंगाच्या टाक्यात शेवाळ, हात-पाय धुवायला बरं. पलीकडच्या कातळातलं पाणी गोड, पण पायरी निसटती, पोरांना धाडू नका. बालेकिल्ल्यावरचं अमुक प्या, तमुक नको. बोटानं दिशा दाखवत, ताक ओतत, सुट्टे पैसे परत देत दहा मिनिटांत तिनं सगळा गड सांगून टाकला. साहेब मांडी घालून डायरीत उतरवत होते. मधेच पेन्सिल बोथट झाली, त्यांनी टोकयंत्र काढलं, टोक केलं, पुढे लिहिलं. भाच्यानं मला खुणावलं, “मामा, आवाज रेकॉर्ड करा ना!”

“बॅटरी जाईल,” मी म्हणालो.

बालेकिल्ला करून उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. भाच्याचा फोन मरून पडला होता. त्यानं दिवसभर फोटो काढले, खुणा केल्या, मावशीबरोबर सेल्फीही काढला. उधळपट्टीचं फळ. साहेबांच्या फोनवर ३ टक्के आणि पॉवरबँक रिकामी. आणि माझा? मी गाडीत बसल्यावर टोपी अलगद काढली.

६१ टक्के!

मी तो आकडा दोघांच्या डोळ्यांसमोर धरला. दहावीचा निकाल लागला तेव्हाही मला इतकेच टक्के होते, पण तेव्हा इतका आनंद झाला नव्हता.

“आता त्यातले दोन टक्के खर्चा आणि रस्ता लावा,” भाचा गाडी सुरू करत म्हणाला.

“काही गरज नाही. आलो तसे जायचं. फाटा आला की विचारू.”

मार्गासनीचा फाटा आला तेव्हा अंधार पडायला लागला होता आणि विचारायला एक म्हैस सोडून कुणी नव्हतं. मी आत्मविश्वासानं डावीकडे हात केला. बराच वेळ नसरापूर येईना. त्याऐवजी समोर एक अवाढव्य डोंगर येऊन उभा राहिला.

“हा तोरणा आहे,” साहेब म्हणाले.

आम्ही वेल्ह्यात पोचलो होतो. एका टपरीवर चहा सांगितला आणि आलोच आहोत तर दिवसाची नोंद थांबवून जपून ठेवावी म्हणून मी ते वाट नोंदवणारं ॲप उघडलं. ते जरा दचकल्यासारखं वाटलं. पण मी थांबवण्याची कळ दाबली, फाईल जपली आणि फोन पुन्हा टोपीत घातला.

रात्री साडेनऊला आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळे जमलो. बायकोनं पिठलं-भात केला होता. भाच्यानं लॅपटॉप उघडून माझी फाईल घेतली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

“मामा, मधे तुम्ही ॲप्स झटकली होती का?”

“पहिल्या विसाव्याला. सगळी. एकही ठेवलं नाही.”

“त्यात नोंद करणारं ॲपही गेलं.” त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. गुंजवण्यातून एक नागमोडी रेघ अकरा मिनिटं चढत होती. तिथून मात्र एकच रेघ, पट्टीनं आखल्यासारखी सरळ, ओढे, डोंगर, शेतं, घरं कशाचीही पर्वा न करता थेट वेल्ह्याच्या चहाच्या टपरीत शिरत होती.

“नोंदीनुसार आपण राजगडावर गेलोच नाही,” भाचा म्हणाला. “थोडं चढलो, मग विचार बदलला आणि हवेतून वेल्ह्याला गेलो. ताशी एक किलोमीटरपेक्षाही कमी वेगानं.”

“एवढा वेळ लागला चहाला जायला?” आतून बायकोचा आवाज आला.

मी सावरून म्हणालो, “वाट जाऊ दे. टाकी बघ ना, टाकी. सात खुणा केल्यात.”

भाच्यानं टाकी बघितली. दोन कड्याबाहेर अधांतरी लटकत होती. तीन एकावर एक, एकाच बिंदूवर. एक पद्मावती देवीच्या देवळाच्या छपरावर. सातव्या खुणेपाशी तो थांबला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

“मामा, सुवेळा माचीवर तुम्ही एटीएम टाकलंय.”

“पंचाच्या आत दिसत नव्हतं रे.”

“नशीब, अजून वर चढवलेलं नाहीये. नाहीतर पुढच्या रविवारी लोक कार्ड घेऊन गेले असते.”

साहेबांनी घसा साफ केला आणि डायरी उघडून टेबलावर ठेवली. प्रत्येक टाकं, कुठल्या दरवाज्यापासून किती पावलं, कुठल्या अंगाला, मावशीनं सांगितलेलं पाणी कसं, महिना कोणता, निसटती पायरी कोणती. बारीक, सरळ, पाटबंधारे खात्याच्या अक्षरात. शेवटच्या पानावर ताकाचा एक गोल डागही होता. भाच्यानं आकाशातून घेतलेली चित्रं उघडली, साहेब वाचत गेले, तो मांडत गेला. पाऊण तासात सगळी टाकी जागच्या जागी बसली. त्या पाऊण तासात माझ्याकडे एकच काम होतं. दोघांना पापड देणं.

सगळे गेल्यावर मी फोन टोपीतून काढून टेबलावर ठेवला. अजून साठाच्या वर होता. बायको उरलेलं पिठलं छोट्या डब्यात काढत होती. तिनं फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि फ्रिजचं दार उघडून विचारलं,

“अहो, हे साठ टक्के पण आत ठेवू का? उद्या डब्याला होतील.”